बेरीज १८७ तास ४० मिनिटं, आणि एक्सेल दाखवतंय १९:४०

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीच्या टाइम ऑफिसमध्ये तुम्ही काम करता. मशीन शॉपच्या तेरा जणांचा महिन्याचा ओव्हरटाइम एक्सेलमध्ये मांडलाय. हाताने केलेली बेरीज १८७ तास ४० मिनिटं येते, शीटच्या तळाला मात्र १९:४० दिसतं. ती बेरीज व्हॅल्यू म्हणून दुसरीकडे पेस्ट केली, तर वरच्या फॉर्म्युला बारमध्ये ०७-०१-१९०० अशी तारीख उगवते. "सम चुकतंय, की फाइल करप्ट झाली?" असं तुम्ही विचारलंय.

दोन्ही नाही. तुमची बेरीज बरोबर आहे, ती दाखवण्याची पद्धत चुकली आहे. उद्यमनगरात आणि नंतर गोकुळ शिरगावात मिळून वीस वर्षं मी पगारपत्रकं आणि मशीनचे तास मांडतेय, आणि ही अडचण दर वर्षी कोणी ना कोणी घेऊन येतंच. म्हणून जरा सविस्तर सांगते. एक खुलासा आधीच: फंक्शन आणि फॉरमॅटची अक्षरं मी इथं देवनागरीत लिहितेय. तुम्ही टाइप करताना ती इंग्रजीच अक्षरं आणि इंग्रजीच आकडे वापरा.

आपण बोलताना "साडेसात वाजता आला" आणि "साडेसात तास थांबला" यात कधीच गल्लत करत नाही. "वाजता" म्हटलं की घड्याळातली जागा, "तास" म्हटलं की अवधी. एक्सेलला हा फरक कळत नाही. त्याच्याकडे दोन्हींसाठी एकच साठवण आहे: पूर्ण दिवस म्हणजे १, बारा तास म्हणजे ०.५, सहा तास म्हणजे ०.२५. तुमचे १८७ तास ४० मिनिटं त्याच्या पोटात ७.८१९४४४ म्हणून आहेत, म्हणजे सात पूर्ण दिवस आणि वर १९ तास ४० मिनिटं. सेलचा फॉरमॅट साधा "एच:एमएम" असेल, तर एक्सेल समजतं की तुम्ही "किती वाजले" विचारताय. मग सात दिवस बाजूला राहतात आणि सातव्या दिवशी घड्याळात किती वाजले तेवढंच दिसतं. ती १९०० सालची तारीखही याच हिशेबातून येते. विंडोजवरच्या एक्सेलमध्ये १ म्हणजे १ जानेवारी १९००, म्हणून ७ म्हणजे ७ जानेवारी. तुमच्या फाइलला काहीही झालेलं नाही.

खात्री करायची असेल तर बेरजेच्या सेलचा फॉरमॅट क्षणभर जनरल करा. ७.८१९४४४ दिसेल. त्याला २४ ने गुणा, १८७.६६६७ येईल. सगळे तास जागेवर आहेत.

आता उपाय. बेरजेचा सेल निवडा, कंट्रोल आणि १ दाबा, नंबर टॅबमध्ये सगळ्यात खाली कस्टम आहे तिथं जा आणि टाइपच्या चौकटीत [एच]:एमएम असं लिहा. एच चौकटी कंसात, मग कोलन, मग दोन एम. त्या कंसाचा अर्थ "चोवीसला परत शून्यावर येऊ नकोस, मोजत राहा" एवढाच आहे. लगेच १८७:४० दिसेल. सेकंदही हवे असतील तर [एच]:एमएम:एसएस. गूगल शीट्समध्ये फॉरमॅट मेनूतल्या नंबरखाली ड्युरेशन असा तयार पर्यायच आहे, आणि लिब्रेऑफिसमध्येही चौकटी कंसाची हीच युक्ती चालते.

एवढ्यावर तुमचा आजचा प्रश्न सुटतो. पण ज्या शीटमध्ये बेरीज अशी दिसली, त्या शीटमध्ये पुढे पैशांचा गुणाकार असतो आणि मागे हाताने भरलेले आकडे असतात. खरं नुकसान त्या दोन ठिकाणी होतं.

पैशांचं आधी घेऊ. समजा ओव्हरटाइमचा दर तासाला १३० रुपये आहे. बेरजेला सरळ १३० ने गुणलं तर १,०१६ रुपये ५३ पैसे येतात, कारण गुणाकार ७.८१९४४४ शी होतो, म्हणजे दिवसांशी. हा आकडा इतका लहान असतो की कोणाच्याही लक्षात येतो. बरोबर रीत म्हणजे बेरीज गुणिले २४ गुणिले दर: २४,३९६ रुपये ६७ पैसे. आणि ज्या सेलमध्ये रुपये येणार, त्याचा फॉरमॅट हाताने नंबर करा. एक्सेल कधी कधी शेजारच्या सेलचा वेळेचा फॉरमॅट तिथंही चिकटवतं आणि रुपयांच्या जागी घड्याळ दिसायला लागतं.

जास्त भीती मला दुसऱ्या रीतीची वाटते. काही जण अवर आणि मिनिट ही फंक्शनं वापरून तास आणि मिनिटं वेगळी काढतात, मग दराने गुणतात. अवर हे फंक्शनसुद्धा "किती वाजले" याचंच उत्तर देतं. तुमच्या बेरजेवर ते १९ देईल, मिनिट ४० देईल आणि रक्कम २,५५६ रुपये ६७ पैसे होईल. हा आकडा बघून कोणी चमकत नाही. आणि यात फॉरमॅट कितीही दुरुस्त केला तरी उपयोग नाही, कारण इथं हिशेबच खरोखर चुकलेला असतो.

हे मी पोटतिडकीने सांगतेय त्याला कारण आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मी जिथं होते, तिथं शीट एक जण भरायचा आणि छापलेल्या कागदावरून दुसरा जण पगार काढायचा. एका महिन्यात एका मोल्डरचा, म्हणजे वाळूचे साचे करणाऱ्याचा, ओव्हरटाइम २६ तास १५ मिनिटं झाला होता. कागदावर छापून आला २:१५. पगार त्यावरच निघाला. पगारानंतर तिसऱ्या दिवशी ते काका टाइम ऑफिसच्या खिडकीशी आले आणि खिशातून एक छोटी डायरी काढली. रोजची एक ओळ, शिसपेन्सिलीने लिहिलेली: तारीख, किती वाजेपर्यंत थांबलो, सुपरवायझरची आद्याक्षरं. कडेला वाळूच्या बोटांचे काळे ठसे. त्यांची बेरीज २६ तास १५ मिनिटं होती आणि ती तंतोतंत खरी होती. मी सेलवर क्लिक केलं तर वर ०१-०१-१९०० आणि पुढे ०२:१५. चोवीस तासांचे पैसे त्या एका दिवसाच्या मागे लपलेले. ते आम्ही पुढच्या पगारात दिले, पण मधला महिना त्यांनी उधारीवर काढला. डायरी नसती तर कोणालाच कळलं नसतं. तेव्हापासून मी अवधीच्या प्रत्येक कॉलमला, त्यात दोन तासांपेक्षा जास्त आकडा कधी येणार नसला तरी, चौकटी कंसाचाच फॉरमॅट देते.

आता भरलेल्या आकड्यांकडे वळू. हा भाग आपल्या लोकांसाठी जास्त महत्त्वाचा आहे, कारण आपण मराठीत वेळ लिहितो तीच टिंब देऊन. लग्नाच्या पत्रिकेत मुहूर्त १२.३५, वर्तमानपत्रात सायंकाळी ६.३०. सुपरवायझरच्या वहीतही अडीच तास म्हणजे २.३०. क्लार्क ते तसंच एक्सेलमध्ये भरतो, शिवाय नंबर पॅडवर टिंब हाताशी असतं, कोलन नसतो. एक्सेलला २.३० म्हणजे दोन पूर्णांक तीन दशांश. तीन दिवसांचा ओव्हरटाइम २.३०, ३.४५ आणि १.५० असेल, तर त्याची बेरीज ७.२५ दिसते. खरी बेरीज ८ तास ५ मिनिटं आहे. मिनिटं साठला पुढच्या तासात जायला हवीत, इथं ती शंभरला जातात. म्हणून ७.२५ म्हणजे सात तास पंचवीस मिनिटं असं वाचलं की माणसाची चाळीस मिनिटं जातात. तीन ओळींत चाळीस मिनिटं, मग महिन्याचं तुम्हीच बघा.

असे टिंबांचे आकडे आधीच भरले असतील तर नव्याने टाइप करू नका. शेजारी एक कॉलम घ्या आणि असं लिहा: =इंट(बी२)/२४+राउंड(मॉड(बी२,१)*१००,०)/१४४०. पहिला तुकडा तास काढून दिवसाच्या मापात आणतो, दुसरा टिंबानंतरची मिनिटं काढतो. १४४० म्हणजे दिवसाची मिनिटं. कॉलमला [एच]:एमएम फॉरमॅट द्या. मात्र त्याआधी वहीवाल्याला विचारून घ्या, की २.५० म्हणजे दोन तास पन्नास मिनिटं, की अडीच तास? एकाच खात्यात दोन सुपरवायझर दोन रीतींनी लिहिताना मी पाहिलेत. हे कोणताही फॉर्म्युला ओळखू शकत नाही, माणसालाच विचारावं लागतं. टिंबानंतर साठच्या वरचा आकडा, ४.७५ असं काही सापडलं, तर तो नक्कीच दशांशवाला. हे काम टाइम फंक्शनने करावंसं वाटेल, पण तास चोवीसच्या पुढे गेले की ते चोवीस टाकून उरलेले तेवढेच तास ठेवतं, म्हणजे पुन्हा तोच खड्डा.

पुढच्या महिन्यापासून कोलन सोपा करायचा असेल तर फाइल, ऑप्शन्स, प्रूफिंगमध्ये ऑटोकरेक्टला दोन टिंबांच्या जागी कोलन टाकायला सांगा. मग नंबर पॅडवर ८..३० दाबलं की ८:३० होतं. आमच्याकडच्या मुलींनी हे एका दिवसात उचललं.

बायोमेट्रिक मशीनमधून काढलेल्या फाइलचा आजार वेगळाच. तिथं ८:३० दिसतं, पण ती वेळ नसते, अक्षरं असतात, बहुतेक वेळा मागे एखादी रिकामी जागा चिकटलेली. सम अशा सेलकडे बघतही नाही, बेरीज ०:०० येते. आकडे सेलच्या डाव्या कडेला चिकटलेले असले की संशय घ्यायचा, कारण खरी वेळ आपोआप उजवीकडे बसते. शेजारच्या कॉलममध्ये =ट्रिम(ए२)*१ लिहून फॉरमॅट दिला की बहुतेक काम होतं. यातलं सगळ्यात वाईट प्रकरण म्हणजे शंभरातले पाच-सहाच सेल अक्षरांचे असतात. तेव्हा बेरीज शून्य येत नाही, थोडीशी कमी येते. म्हणून मी काउंटने मोजते: ओळी किती आणि खरे आकडे किती. दोन्ही जुळले तरच पुढे जाते.

रात्रपाळीचं तुम्ही विचारलं नाही, पण तुमच्याकडे तिसरी पाळी असणारच. रात्री ११ ला आला, सकाळी ७ ला सुटला, तर सुटण्याच्या वेळेतून येण्याची वेळ वजा केली की उत्तर उणे येतं आणि सेलभर ##### अशा खुणा दिसतात. =मॉड(सी२-बी२,१) लिहा, ८:०० येईल. ही युक्ती अवधी चोवीस तासांच्या आत असेल तेवढ्यापुरतीच. शनिवारी संध्याकाळी ६:२० ला भट्टी बंद पडली आणि सोमवारी सकाळी १०:०५ ला चालू झाली, तर मॉड तुम्हाला १५:४५ सांगेल. खरा अवधी ३९:४५ आहे. म्हणून ब्रेकडाउनच्या शीटमध्ये तारीख आणि वेळ एकाच सेलमध्ये भरा आणि सरळ वजाबाकी करा. पाळीसाठी मॉड, बिघाडासाठी तारखेसकट वेळ.

खरोखरच उणे अवधी हवा असेल, म्हणजे आठ तासांपेक्षा किती कमी भरले वगैरे, तर कोणी तरी तुम्हाला १९०४ ची तारीख पद्धत चालू करायला सांगेल. त्याने उणे वेळ दिसते हे खरं, पण चालू फाइलमध्ये आधी भरलेल्या सगळ्या तारखा १,४६२ दिवसांनी, म्हणजे चार वर्षं आणि एक दिवसाने सरकतात. हजेरीच्या फाइलमध्ये हे करू नका. मी "कमी" आणि "जास्त" असे दोन कॉलम ठेवते, दोन्हींत मॅक्स फंक्शनने शून्याच्या खाली जाऊ देत नाही. मालकांनाही ते वाचायला सोपं जातं.

दिवसांत दाखवायचं का, हे परिस्थितीवर आहे. फॉरमॅटमध्ये डी टाकून "७ दिवस १९ तास" दाखवता येतं, पण तो डी म्हणजे महिन्यातली तारीख असते. ३१ दिवसांपर्यंत जुळतं, ४० दिवसांचा अवधी झाला की ९ दिसतं, कारण एक्सेलच्या लेखी ती ९ फेब्रुवारी. लांब अवधीला =इंट(ए२) वेगळ्या कॉलममध्ये काढावं हे बरं. शिवाय कामगारांच्या तासांना चोवीस तासांचा दिवस लावण्यात अर्थच नाही. तुमचे १८७:४० म्हणजे आठ तासांच्या हिशेबाने साधारण साडेतेवीस हजऱ्या होतात. साहेबांना "सात दिवस" सांगितलं तर चित्रच चुकीचं उभं राहील.

सीएनसी किंवा व्हीएमसी या संगणकावर चालणाऱ्या मशीनचा सायकल टाइम, म्हणजे एका नगाला लागणारा वेळ, भरताना उलटी चूक होते. ४ मिनिटं ३५ सेकंद म्हणून ४:३५ टाइप केलं, तर एक्सेल ते चार तास पस्तीस मिनिटं धरतं. ०:०४:३५ असंच लिहायचं. अशा २२० नगांचे १६:४८:२० होतात, आणि मिनिटांत बघायचं तर [एमएम]:एसएस दिलं की १००८:२०. नुसते दोन एम, कंसाशिवाय आणि शेजारी एच किंवा एस नसताना, लिहिले तर ते महिना समजले जातात.

कॉम्प्रेसर किंवा जनरेटरच्या अवर मीटरचं रीडिंग मात्र वेळेच्या फॉरमॅटमध्ये घेऊच नका. त्यावर बहुधा शेवटचा आकडा तासाचा दशांश असतो, आणि एक्सेलमध्ये हाताने ९,९९९ तास ५९ मिनिटं ५९ सेकंद याच्या पुढची वेळ भरताच येत नाही, ती अक्षरं म्हणून पडून राहते. जुन्या मशीनचं मीटर ती हद्द कधीच ओलांडून गेलेलं असतं. साधा नंबर ठेवा.

शेवटी फाइल बाहेर जाते तेव्हाचं. पिव्होट टेबल, म्हणजे एक्सेल आपोआप करून देतं तो गोषवाऱ्याचा तक्ता, मूळ सेलचा फॉरमॅट घेईलच असं नाही. व्हॅल्यू फील्ड सेटिंग्जमध्ये जाऊन तिथं वेगळा द्यावा लागतो. आणि पगाराच्या सॉफ्टवेअरसाठी सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी आकडे वेगळे केलेली साध्या मजकुराची फाइल, काढत असाल तर जास्त जपा. सीएसव्हीत सेलमध्ये जे दिसतं तेच लिहिलं जातं. १९:४० दिसत असेल तर १९:४०च जाईल, आणि ते सात दिवस त्या फाइलमधून कायमचे गेले. मी सॉफ्टवेअरवाल्याला विचारून बहुतेक वेळा =राउंड(ए२*२४,२) असा दशांश तासांचा कॉलमच पाठवते. १८७.६७ या आकड्याचा कोणी दुसरा अर्थ लावू शकत नाही. टेक्स्ट फंक्शनने "१८७:४०" बनवणं पत्रात किंवा नोटिशीत ठीक, पण ते अक्षर झालं, त्याची पुढे बेरीज होत नाही.

म्हणजे तुमच्यापुरतं काम असं: बेरजेला आणि ओव्हरटाइमच्या सगळ्या कॉलमला [एच]:एमएम, येण्या-सुटण्याच्या कॉलमला साधा एच:एमएम, पैशांना गुणिले २४, आणि अवर-मिनिट फंक्शनं शीटमध्ये कुठं असली तर काढून टाका.

आणि एक गोष्ट आजच करा. तेरा जणांची मिळून बेरीज चुकीची दिसली म्हणून तुमच्या लक्षात आलं, पण आधीच्या महिन्यांत एकेकट्याची बेरीजही चोवीस तासांच्या वर गेली असेल. जुन्या फाइली उघडा, माणसागणिक बेरजेच्या कॉलमला फिल्टर लावा आणि १ किंवा त्याहून मोठे आकडे काढा. एक म्हणजे चोवीस तास, त्यामुळे दिसत काहीही असलं तरी फिल्टर खऱ्या आकड्यावरच चालेल. जी नावं निघतील, त्यांची त्या महिन्याची पगाराची पावती काढून किती तासांचे पैसे गेले ते पडताळा. टिंबाचे आकडे असलेल्या महिन्यांना हा फिल्टर चालणार नाही, ते आधी वरच्या फॉर्म्युल्याने बदलून घ्या. काही फरक निघाला तर इथं आकडे लिहा, नावं नकोत, मी हिशेब तपासून देईन.